कारखाना झाडातला, कुऱ्हाड झाडावर

घाटमाथ्यावरच्या दाट रानात एक झाड असे आहे, की त्याची ओळख डोळ्यांआधी नाकाला पटते. फुलोऱ्याच्या दिवसांत त्याच्या जवळून जाणारा माणूस नकळत नाकाला रुमाल लावतो. गावकऱ्यांनी त्याला नावेही तशीच ठेवली : घाणेरा, नरक्या. गंमत म्हणजे याच झाडाला अमृता असेही एक नाव आहे. वनस्पतिशास्त्राच्या वहीत त्याची नोंद नोथापोडायटिस निम्मोनियाना अशी. उंची बेताची, लाकडाला सुताराकडे मान नाही. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या पट्ट्यात ते पिढ्यान्‌पिढ्या उभे होते आणि त्याच्या वाटेला कोणी फारसे जात नव्हते.

मग एकाएकी त्याला गिऱ्हाईक आले. गेल्या काही वर्षांतली कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गाकडची वृत्तपत्रे चाळली, तर आतल्या पानांवर ‘नरक्याची तस्करी’ हे शब्द पुनःपुन्हा भेटतात. बातमीचा साचा बहुधा ठरलेला. रात्री अडवलेली गाडी, पोत्यांत भरलेले लाकडाचे वाळके तुकडे, ताब्यात घेतलेली दोन-चार माणसे. चंदनाची चोरी आपल्याला समजते, सागवानाची समजते. पण ज्याला घाणेरा म्हणून नाक मुरडायचे, त्याची चोरी कशासाठी?

या तुकड्यांत कॅम्पटोथेसिन नावाचे एक अल्कलॉइड असते. त्यापासून इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधे तयार होतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पहिले, अंडाशयाच्या आणि फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत दुसरे. ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेला आहे त्यांनी ही नावे रुग्णालयाच्या कागदांवर वाचली असतील. सलाइनच्या बाटलीतून थेंबथेंब उतरणाऱ्या त्या औषधाचे मूळ सह्याद्रीतल्या एखाद्या घळीत असू शकते, हे मात्र त्या कागदावर लिहिलेले नसते.

या द्रव्याच्या शोधात आपल्या मुलखातला एक माणूस आहे, आणि त्याचे नाव आपल्याकडे असावे तितके परिचित नाही. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते पुढे अमेरिकेस गेले आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. चीनमध्ये वाढणाऱ्या कॅम्पटोथेका या झाडातून या जोडीने १९६६ साली कॅम्पटोथेसिन वेगळे काढले. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, याच जोडीने पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल शोधले. कर्करोगावरची दोन मोठी औषधे एकाच प्रयोगशाळेतून निघाली, त्यात अर्धा वाटा नंदुरबारच्या माणसाचा. वाणी २०२० साली गेले. आपल्या शाळांच्या भिंतींवर शास्त्रज्ञांच्या तसबिरी असतात; त्यांत त्यांची तसबीर मी तरी कुठे पाहिलेली नाही.

चिनी झाडातले हे द्रव्य आपल्या नरक्यातही आहे, हे कळले ते मुंबईतच. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातले टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये ते जाहीर केले. तेव्हा नरक्याचे नाव मॅपिया फीटिडा असे होते. पुढे असेही दिसले, की चिनी झाडापेक्षा आपले झाड या बाबतीत सरस आहे. तरीही त्या वेळी कुणी कुऱ्हाड उचलली नाही, कारण औषध म्हणून कॅम्पटोथेसिन तोवर नापास झाले होते. ते पाण्यात विरघळत नाही. विरघळावे म्हणून डॉक्टरांनी त्याचा सोडियमचा क्षार करून दिला. तो रक्तात निरुपयोगी ठरे आणि मूत्राशयात पोहोचल्यावर पुन्हा मूळ जहाल रूप घेई. रुग्णांना लघवीतून रक्त जाऊ लागले. चाचण्या थांबल्या आणि द्रव्य फडताळात गेले.

ते बाहेर आले १९८५ च्या सुमारास. अमेरिकेत लेरॉय लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य पेशीत नेमके काय करते ते शोधले. हे समजून घ्यायला फार शास्त्र लागत नाही, घरातला सुंभ पुरतो. पिळाच्या सुंभाचे दोन पदर एका टोकाकडून ओढून वेगळे करू लागा. मागे पदर सुटतात, पण पुढे पीळ घट्ट होत जातो आणि शेवटी गाठी पडतात. पेशी दुभंगताना डीएनएच्या पिळाचे असेच होते. तो सैल करायला पेशीत एक विकर असते, टोपोआयसोमरेज. ते एक पदर कापते, पीळ उलगडू देते आणि कापलेली टोके पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसिन नेमके त्या कापलेल्या फटीत पाचरीसारखे बसते. टोके जोडली जात नाहीत, मागून येणारी नकलेची यंत्रणा त्या तुटीवर आदळते आणि पेशी मरते. जी पेशी अधिक वेगाने दुभंगते तिला हा फटका अधिक. म्हणून गाठीवर परिणाम होतो, आणि म्हणूनच रुग्णाचे केस, आतड्याचे अस्तर आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही त्यात सापडतात.

एकदा युक्ती कळल्यावर रसायनतज्ज्ञांनी रेणूला शेपूट जोडून तो पाण्यात विरघळता केला. इरिनोटेकानला जपानमध्ये १९९४ साली परवानगी मिळाली, अमेरिकेत १९९६ साली. टोपोटेकानही त्याच वर्षी अमेरिकेत आले. इरिनोटेकान तयार करणारी जपानी कंपनी याकुल्ट, म्हणजे छोट्या बाटल्यांतून आंबवलेल्या दुधाचे पेय विकणारीच. पण रेणूचा गाभा शून्यापासून कारखान्यात बांधणे परवडत नाही. तो गाभा मुख्यतः झाडातूनच काढला जातो आणि पुढची डागडुजी कारखान्यात होते. आपल्या घाटातले दिवस फिरले ते इथे.

आता मुळातला प्रश्न. झाड हे बनवतेच कशाला? माणसाच्या आतड्यासाठी तर नक्कीच नव्हे. झाडाला पाय नाहीत. अळी आली, बुरशी आली, गुरू आले तर पळता येत नाही, म्हणून त्याने आपल्या पानांत, सालीत, मुळांत विषाचे बुधले भरून ठेवले. अल्कलॉइडांत नत्र असते आणि रानातल्या झाडाला नत्र महाग असते. तरीही ते खर्च करते, यावरून त्या खर्चाचे मोल कळावे. तंबाखूतले निकोटीन, चहा-कॉफीतले कॅफीन, अफूतले मॉर्फीन ही सगळी याच जमाखर्चातली आहेत. सकाळच्या चहाचा घोट घेताना आपण एका झुडपाचे कीटकनाशक पीत असतो, हे घरात सांगून पाहा. कुणी कप खाली ठेवणार नाही!

हे विष बनते कसे, याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो आपल्या अंगणातल्या सदाफुलीत. दोन कच्चे माल लागतात. एक ट्रिप्टोफॅन, जे आपल्या दुधात आणि डाळीतही असते. दुसरे जिरॅनिऑल, ज्याने गुलाबाला आणि आपल्याकडच्या रोशा गवताला सुवास येतो. पहिल्यावर एक विकर काम करते, दुसऱ्यावर ओळीने अनेक, आणि शेवटी दोन्ही जोडून स्ट्रिक्टोसिडीन तयार होते. हा एक रेणू दोन हजारांहून अधिक अल्कलॉइडांची आई आहे. सिंकोनातले क्विनीन, कोकणातल्या काजऱ्यातले स्ट्रिक्नीन, सर्पगंधेतले रिसर्पीन ही तिचीच लेकरे. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडला होता, हेही जाता जाता आठवावे. नरक्यातले कॅम्पटोथेसिनही याच घराण्यातले, फक्त त्याचा चेहरामोहरा इतका बदललेला, की नाते चटकन ओळखू येत नाही.

सदाफुलीच्या पानातला बंदोबस्त पाहण्यासारखा आहे. सगळे काम एका पेशीत होत नाही. सुरुवातीच्या पायऱ्या पानाच्या शिरांजवळच्या पेशींत, मधल्या वरच्या त्वचेच्या पेशींत, आणि शेवटच्या चिकाच्या खास पेशींत. माल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पोचवला जातो. स्ट्रिक्टोसिडीन पेशीतल्या एका पिशवीत बंद असते, आणि त्याला जहाल करणारे विकर दुसरीकडे, पेशीच्या केंद्रकात. अळीने पान चावले की भिंती फुटतात आणि दोन्ही एकत्र येतात. एका कोठीत दारू, दुसरीत काडी. व्हिनब्लास्टीन हे कर्करोगावरचे औषध कॅथरॅन्थीन आणि व्हिन्डोलीन या दोन अल्कलॉइडांच्या जोडणीतून होते. त्यांतले पहिले पानावरच्या मेणात आणि दुसरे पानाच्या आत, असे दूर दूर ठेवलेले असते. त्यामुळे झाडात व्हिनब्लास्टीन अगदी नाममात्र सापडते : सुमारे ५०० किलो वाळलेल्या पानांतून एक ग्रॅम. त्याची सख्खी बहीण व्हिन्क्रिस्टीन हवी असेल तर २००० किलो.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. मधुमेहावर सदाफुलीची पाने-फुले चावून खाणारी मंडळी आपल्या ओळखीत असतात. १९५८ च्या सुमारास कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हेच तपासायला बसले होते. जमैकात मधुमेहावर सदाफुलीचा काढा घेतात असे त्यांना कळले होते. प्राण्यांना अर्क दिला तेव्हा साखरेत काही फरक पडला नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या. औषधाचा शोध लागला तो या अपयशातून. व्हिन्क्रिस्टीनने आज रक्ताच्या कर्करोगाची असंख्य मुले बरी होतात, पण डॉक्टर ते मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. अंगणातल्या पानात किती काय आहे हे कुणी मोजलेले नसते.

आणि झाड स्वतःच्या विषाने मरत कसे नाही? कॅम्पटोथेसिनच्या बाबतीत जपानी संशोधकांनी २००८ मध्ये याचे उत्तर दिले. टोपोआयसोमरेज झाडाच्या पेशीतही असतेच. पण चिनी कॅम्पटोथेकात, आणि त्याच्याशी दूरचेही नाते नसलेल्या ऑफिओऱ्हायझा या झुडपात, त्या विकराच्या साखळीतला एक दुवा बदललेला आढळला. त्यामुळे पाचर तिथे बसतच नाही. याहून विलक्षण असे, की हे औषध न जुमानणाऱ्या माणसाच्या कर्कपेशींत अगदी तोच दुवा, तसाच बदललेला, आधीच सापडला होता. झाडाने स्वतःला वाचवण्यासाठी काढलेली तोड गाठीतल्या पेशींनाही सापडली. उपचार काही काळाने लागू पडेनासे होतात, त्यामागे अशाही तोडी असतात.

हा कारखाना झाडाबाहेर उभारता आला तर घाटातली कुऱ्हाड थांबेल, असे कुणालाही वाटेल. प्रयत्न कमी झालेले नाहीत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशी काचपात्रात वाढवून पाहिल्या. पेशी वाढतात, पण द्रव्य झाडाच्या मानाने फारच थोडे देतात. वर पाहिलेल्या खोल्या आठवल्या तर यात नवल वाटू नये. काचपात्रातल्या गोळ्याला ना शिरा, ना त्वचा, ना चिकाच्या पेशी. २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी शोधली, जी स्वतःच कॅम्पटोथेसिन बनवते. केवढी आशा निर्माण झाली! पण अशा बुरश्या झाडाबाहेर काढून पिढ्या बदलत वाढवल्या की हळूहळू हे काम विसरतात, असा अनुभव पुढे आला.

सर्वांत गाजला तो २०२२ मधला प्रयोग. डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी यीस्टमध्ये, म्हणजे पावाच्या पिठात घालतो त्या किण्वात, सदाफुलीची सारी साखळी बसवली. वनस्पतींची ३४ जनुके घातली, एकूण ५६ ठिकाणी फेरफार केले. यीस्टने कॅथरॅन्थीन आणि व्हिन्डोलीन तयार केले, आणि ते जोडून व्हिनब्लास्टीन मिळाले. याला सलाम केलाच पाहिजे. पण लिटरमागे मिळालेले द्रव्य मायक्रोग्रॅममध्ये होते. २०१९ साली अमेरिकेत व्हिन्क्रिस्टीनचा तुटवडा पडला आणि लहान मुलांच्या उपचारांची ओढाताण झाली. अशा प्रसंगी यीस्ट कामाला यायला अजून बरीच मजल मारायची आहे.

आणि समजा यीस्टने भरपूर दिले, तरी बाजार त्याच्याकडे वळेलच असे नाही. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन (हे अल्कलॉइड नव्हे, पण उदाहरण लागू पडते) यीस्टच्या मदतीने करण्याचा कारखाना सनोफी कंपनीने युरोपात २०१३ च्या सुमारास सुरू केला. विज्ञान यशस्वी झाले. पण शेतकऱ्यांनी शेतात पिकवलेल्या झुडपाचा भाव त्याहून खाली आला आणि तो कारखाना २०१६ मध्ये विकला गेला. आर्टेमिसिया निदान वर्षाचे पीक आहे, शेतात घेता येते. नरक्या रानातला, आणि चोरून तोडणाऱ्याला तो लावण्याचा, वाढवण्याचा, राखण्याचा खर्च शून्य. शून्याशी स्पर्धा कोणते यंत्र करणार? यीस्ट येईल तेव्हा येईल, या भरवशावर रान सोडून देण्याला मी म्हणूनच भाबडेपणा म्हणतो.

याच बाबतीत वाणींच्या दुसऱ्या शोधाची कथा उपयोगी आहे. टॅक्सॉल यूच्या सालीत सापडले. साल काढली की झाड मरते. औषधाची मागणी वाढली तेव्हा, १९९० च्या आसपास, अमेरिकेत रुग्ण आणि वनप्रेमी एकमेकांसमोर उभे राहिले. तिढा सुटला तो फ्रान्समध्ये. पिएर पोतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपीय यूच्या सुईसारख्या पानांतून जवळचा एक रेणू काढून त्याचे टॅक्सॉल करण्याची वाट दाखवली. पाने छाटली तर पुन्हा फुटतात. पुढे पेशी वाढवण्याचे तंत्रही या कामी आले. जंगल वाचले, आणि औषध पूर्वीपेक्षा मुबलक झाले.

नरक्याच्या बाबतीत असेच काही करता येण्यासारखे आहे. हे झाड बुंध्यापासून छाटले तर त्याला पुन्हा फुटवे येतात. तोडणारे मात्र खोडापाशी थांबत नाहीत, मुळे खणून काढतात, कारण मुळांतही माल भरपूर. मूळ गेले की फुटवाही गेला आणि उद्याचे बीही गेले. शिवाय झाडाझाडांत फार फरक असतो, एकात द्रव्य नावापुरते तर शेजारच्यात कितीतरी पट. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी पश्चिम घाटातली जास्त द्रव्य देणारी झाडे हुडकली आहेत. अशांची रोपे बांधावर, वरकस जमिनीत लावून दर काही वर्षांनी फांद्या छाटायच्या, असा धंदा बसू शकतो. रानात सरसकट तोड करणारा टोळीवाला मात्र नेमके उलटे करतो. चांगले-वाईट झाड त्याला ओळखू येत नाही, त्यामुळे एक पोते भरायला तो कितीतरी नापीक झाडेही संपवतो.

कायदा काय म्हणतो? २००२ च्या जैवविविधता कायद्याने अशा वनस्पतींचा व्यापारी वापर करणाऱ्यांवर परवानगीचे आणि स्थानिकांना लाभाचा वाटा देण्याचे बंधन घातले. हा वाटा देशी कंपन्यांनाही चुकत नाही, असा निकाल उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. २०२३ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला. त्यात लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना सूट आहे, मात्र गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा उत्पत्तीचा दाखला हवा. कैदेची तरतूद गेली आणि त्या जागी १ लाख ते ५० लाख रुपयांपर्यंत दंड आला. राखीव जंगलातल्या चोरीला वनकायदा वेगळा आहेच.

लागवडीला सूट देण्याचा हेतू योग्यच आहे. ज्याने रोप लावले त्याला कागदांत अडकवू नये. पण वाळलेल्या नरक्याचा तुकडा हातात घेऊन तो बांधावरचा की राधानगरीच्या रानातला, हे कोण सांगणार? सगळा भार त्या दाखल्यावर, आणि दाखला देणारी समिती अनेक गावांत फलकापुरतीच उरलेली. तिच्या सदस्यांना नरक्या ओळखता येतो का, इथपासून सुरुवात आहे. त्यातच कोकणात पुष्कळसे रान मालकीचे. मालक मुंबईला, ठेकेदार दारात, आणि रान ‘साफ करायला’ दिले की त्यात काय काय गेले याची यादी मालकालाही मिळत नाही. सरपणाच्या भावात गेलेला माल पुढे औषधाच्या भावात विकला जातो.

गेल्या वर्षी आंबोलीच्या बाजूला हिंडताना वाटाड्याने मला एक जुना बुंधा दाखवला. वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत झाड तोडले होते, मूळ खणायला वेळ मिळाला नसावा. बुंध्याच्या कडेने चार-पाच फुटवे डोक्याएवढे वाढले होते. मी पान चुरगाळून नाकाशी नेले. वाटाड्या हसून म्हणाला, “साहेब, हात धुवा, नाहीतर घरी जेवणार नाही.” मग आजूबाजूला पाहत त्याने हलकेच विचारले, “खरंच याचं कॅन्सरचं औषध होतं? मग आम्हाला यायचे ते लोक किलोला इतके कमी का देत होते?”